पालखीची वाट आणि साथीचा डॉक्टर

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव करत फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला उतरते. त्या रात्री गावाची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढते. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे, शिजवायला पाणी हवे, पहाटे आडोसा हवा. मुक्काम हलला की हा सगळा समाज बरडच्या रस्त्याला लागतो आणि मैदान पुन्हा मोकळे होते. भक्तीच्या इतिहासात या मुक्कामाला मानाचे स्थान आहे. वैद्यकाच्या इतिहासात फलटणचे नाव सहसा कोणी घेत नाही. इथे पुण्यासारखे ससून नव्हते, मिरजेसारखे मिशनचे इस्पितळ नव्हते, मुंबईसारखी प्रयोगशाळा नव्हती. तरीही मला असे वाटते, की आज वैद्यकीय महाविद्यालयात संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ म्हणून जो डॉक्टर बसतो, त्याच्या शास्त्राचा अर्धा भाग अशाच मुक्कामांवर घडला. साथ ओळखायची तर जंतूची चाल आणि माणसांची चाल दोन्ही वाचता यायला हव्यात. पहिली प्रयोगशाळेत कळते, दुसरी वाटेवर. आपल्या मुलखाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव सांगतो, की वैद्यकाने दुसरी चाल वाचली नाही तेव्हा पहिलीचे ज्ञानही वाया गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी या पालखीला आजची शिस्त दिली. कोणत्या तिथीला कुठे मुक्काम, कोणती दिंडी कितवी, रथापुढे कोण आणि रथामागे कोण, हे तेव्हापासून ठरलेले आहे. रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम आजही तोच. मात्र पाणी ठरलेले नव्हते. फलटण पर्जन्यछायेतले, आषाढाच्या तोंडावर बाणगंगेच्या पात्रात डबकी उरायची आणि गावच्या विहिरींवर सगळा भार यायचा. त्याच विहिरीच्या काठावर धुणे, त्याच ओढ्याकाठी शौच. अशा ठिकाणी पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली की सकाळी चालणारा माणूस संध्याकाळी तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन कोरडा पडायचा, डोळे खोल जायचे, हातापायात गोळे यायचे. गावे मरीआईला साकडे घालत. तिचा गाडा ओढत शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायची रीत होती. या रीतीकडे अंधश्रद्धा म्हणून पाहून आपण पुढे जातो. पण तिच्यात एक अचूक निरीक्षण आहे. रोग रस्त्याने चालतो आणि एका गावातून दुसऱ्या गावात जातो, हे लोकांना जंतू सापडण्याच्या आधीपासून ठाऊक होते. तो पाण्यातून जातो, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ते १८५४ मध्ये दाखवले आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. हिंदुस्थान सरकारचे आरोग्याधिकारी मात्र त्यानंतरही बरीच वर्षे हवा, माती आणि ऋतू यांनाच दोष देत राहिले.

पाण्याचे शास्त्र पटले तेव्हा सरकारी नजर विहिरीआधी वारकऱ्यांवर गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत पंढरपूरची यात्रा म्हणजे पटकी आणि प्लेग यांची वाहक, असा सूर मुंबई सरकारच्या कारभारात पक्का झाला आणि यात्रा आवराव्या, पालख्या रोखाव्या अशा सूचना होऊ लागल्या. पालखीची वाट पुणे, सातारा, सोलापूर हे ब्रिटिश जिल्हे आणि मधले फलटणचे निंबाळकरांचे संस्थान अशा वेगवेगळ्या हद्दींतून जाते, म्हणजे बंदोबस्तही तुकड्यातुकड्यांनी. आरोप निराधार नव्हता. यात्रेनंतर पटकी पसरल्याचे दाखले होतेच. तरीही तो अपुऱ्या विचाराचा होता. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत अवधी जातो. फलटणहून पंढरपूर चालत आठवडाभराच्या आसपास. म्हणजे फलटणच्या विहिरीवर बाधा होऊन जो आजारी पडणार, तो बहुतेक करून बरड, नातेपुते, माळशिरस या पट्ट्यातच पडणार, आणि कोणत्या दिंडीतला, आदल्या मुक्कामी कुठले पाणी प्यायलेला, हे त्याच्याबरोबरचे लोक सांगू शकणार. याउलट १९०६ मध्ये बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरपर्यंत पोचली, तेव्हा एकादशी करून दुसऱ्या दिवशी गाडीत बसणारा यात्रेकरू रोगाचा अवधी पोटात घेऊनच शेकडो मैलांवरच्या घरी उतरू लागला. पायी पालखीत रोग दिसतो, गाडीत तो लपतो. परतीच्या वाटेवर वारकरीही पांगतात आणि तिथे हा फरक कमी होतो, हे कबूल करायला हवे. परंतु जाण्याच्या वाटेपुरते बोलायचे, तर ज्या गुणामुळे पालखी संशयित ठरली, म्हणजे ठरलेली वाट आणि ठरलेला मुक्काम, त्याच गुणात तिच्यावरचा इलाज दडलेला होता.

तो इलाज हळूहळू सापडला. आग्र्यात हँकिन यांनी १८९० च्या दशकात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी शुद्ध करण्याचा प्रयोग रूढ केला. पुढे ब्लीचिंग पावडर आली. आपल्या ग्रामपंचायतींत तिला टीसीएल म्हणतात आणि पालखीच्या आधी वाटेवरच्या गावांत तिचीच धावपळ चालते. पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे आणि तासभर थांबायचे. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) दोन थेंब टाकायचे; क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळसर दिसते, नसेल तर तसेच राहते. ही नळी उन्हात धरून बघणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नसतो, पण पटकीवरचा पहिला इलाज त्याच्या हातून होतो. लसीची कथाही हेच सांगते. हाफकिन यांनी पटकीची लस १८९३ पासून हिंदुस्थानात टोचायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला पंढरीला जाणाऱ्याला टोचून घ्यावे लागे. पण ती जुनी लस सुमारे निम्म्याच लोकांना आणि काही महिनेच राखत असे. म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली. सुई मागे पडली, विहिरीचे काम टिकले. उपचारांतही तेच घडले. शिरेतून सलाईन देण्याचे तंत्र कलकत्त्याच्या इस्पितळात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी सुधारले आणि मृत्यू बरेच घटले. पण १९७१ मध्ये बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणला. इस्पितळात ज्ञान झाले होतेच. त्याला माणसांच्या वाटेवर उतरवणे हे वेगळे आणि तेवढेच अवघड शास्त्र होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की वाटेवर उतरलेले वैद्यक नेहमी इतके सौम्य नव्हते. ते पोलिसांच्या काठीबरोबर आले. हा आक्षेप खरा आहे आणि प्लेगचा इतिहास त्याची साक्ष देतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि पुण्यात सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. देवघरे विटाळली, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळले गेले. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरा एक दवाखाना चालला होता. नायगावात, म्हणजे आजच्या खंडाळा तालुक्यात, फलटणच्या शेजारच्या मुलखात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. मुंढव्याच्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. दोन्हीकडे विलगीकरणच होते. एकीकडे माणसाला संशयित म्हणून ओढून नेले जात होते, दुसरीकडे त्याला उचलून आणले जात होते. पहिल्या पद्धतीत लोक रोगी लपवू लागले, मेलेले उंदीर गुपचूप फेकू लागले, आणि साथ मोजणेच अशक्य झाले. म्हणून मी म्हणतो, की काठीचे वैद्यक निर्दय होतेच, पण ते शास्त्र म्हणूनही अपुरे होते: ज्यांच्याकडून माहिती मिळायची, त्यांचीच तोंडे त्याने बंद केली.

सातारा जिल्ह्याने या साथीची किंमत भरभरून मोजली. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे १२ लाख २६ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ११ लाख ४७ हजारांवर आली. कारणे दोन, पूर्वेकडचा दुष्काळ आणि प्लेग. पण याच मुलखातल्या खेड्यांनी एक उपाय स्वतःच्या अनुभवातून पक्का केला होता. घरात उंदीर पडू लागले की गाव बाहेर पडायचे. शिवारात, माळावर कडब्याच्या आणि कुडाच्या झोपड्या उभ्या राहायच्या, जनावरेही तिकडेच बांधली जायची, महिना-दोन महिने गावात दिवा लागत नसे. उंदरावरच्या पिसवा मेलेला उंदीर सोडून माणसावर येतात, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडले, तेव्हा बहुतेक तज्ज्ञांनी ते उडवून लावले होते. १९०५ नंतर मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाने ते निर्विवाद सिद्ध केले. सरकारनेही तोवर झडत्या सोडून गाव रिकामे करणे आणि राजीखुशीने लस टोचणे यांवर भर दिला होता. खेड्यातल्या माणसाला पिसवेचा गुन्हा ठाऊक नव्हता. उंदीर आणि मरण यांतले अंतर मात्र त्याने दिवसांत मोजले होते. वैद्यकाने हे ऐकून घेतले तिथे प्राण वाचले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, अनुभव कितीही मोलाचा असला तरी तो फसवतो. मरीआईचा गाडाही अनुभवातूनच आला होता. खरे ज्ञान शिकवणाऱ्या इस्पितळात आणि प्रयोगशाळेतच तपासले जाते. हे मला मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईतच आहे. आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी प्लेगचे हजारो रुग्ण हाताळले. पश्चिम हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ ही पदवी कोणाला पहिल्यांदा शोभली असेल, तर माझ्या मते त्यांना. प्लेगवरचा रक्तद्रव (सीरम) खरोखर उपयोगी पडतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुग्ण आळीपाळीने दोन गटांत घातले: एकाला द्रव, पुढच्याला नेहमीचे उपचार. आपल्याला जे बरे वाटते ते डॉक्टरने निवडू नये म्हणून केलेली ही शिस्त पुढच्या काळातल्या औषधचाचण्यांत रुजली. अशी शिस्त पालखीच्या तळावर जन्मली नसती. पण लक्षात घ्यावे, की तिच्यातून कळले ते हे, की तो द्रव प्लेगवर रामबाण नाही. कोणता इलाज चालत नाही हे इस्पितळाने सांगितले. कोणता चालतो, तो गाव रिकामे करण्याचा, गावाने आधीच शोधलेला होता. एकाने दुसऱ्याला तपासावे, हाच या दोघांचा संबंध.

मिरजेच्या इतिहासात हा संबंध स्पष्ट दिसतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उभारले आणि १८९७ पासून वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि क्षयासाठी वेगळे सॅनेटोरियम हे त्या कामाचेच पुढचे विस्तार; सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वॉनलेसवाडीच्या नावात ती आठवण टिकली आहे. इकडे साताऱ्याच्या डोंगरावर, पाचगणीला, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केले. क्षयाचा रुग्ण घरापासून लांब, मोकळ्या हवेत, महिनोन्‌महिने पडून राहिला पाहिजे, हे तेव्हाचे शास्त्र होते. ज्यांना परवडत नसे, ते घरातच खंगत. औषधे आल्यावरही हा समज तसाच राहिला असता. पण १९५६ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने रुग्णांचे दोन गट केले, काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निकाल आला: दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले आणि घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. चोक्सींची शिस्त आता इस्पितळाच्या भिंतीवरच लावली गेली होती, आणि भिंत पडली. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरी राहून घेण्याचे उपचार देशभर नेले. त्याच वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हा योगायोग असला तरी बोलका आहे. शिक्षण इस्पितळात शिरत होते, त्याच वेळी उपचार घराकडे परत निघाले होते.

यापुढचा धडा सांगलीने दिला. १९९० च्या दशकात या जिल्ह्यात एचआयव्ही वेगाने पसरला, तेव्हा १९९२ मध्ये मीना सेषू यांनी संग्राम ही संस्था उभी केली आणि देहविक्री करणाऱ्या बायकांनी १९९६ मध्ये वॅम्प ही स्वतःची संघटना बांधली. रोगाची वाहक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जात होते, त्याच बायका निरोध वाटू लागल्या, आपापल्या वस्तीत रोगाची माहिती देऊ लागल्या. पालखीला लागलेला शिक्का आणि या बायकांना लागलेला शिक्का एकाच जातीचा. दोन्ही ठिकाणी उत्तरही एकच निघाले: ज्या माणसांच्या चालीतून रोग जातो, त्यांनाच त्याच्यावर पहारा ठेवता येतो.

मग २०२० चे काय, असे कोणी विचारेल. त्या वर्षी पायी वारी थांबली आणि माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. माझ्या युक्तिवादाप्रमाणे शिस्तीची पालखी हाच इलाज असेल, तर तेव्हा ती थांबवणे चुकले का? मुळीच नाही, आणि इथेच जंतूची चाल वाचण्याचे महत्त्व पटते. पटकीचा रुग्ण काही तासांत, फार तर पाच दिवसांत उघडा पडतो आणि पाणी सुधारले की साखळी तुटते. कोरोनाचा विषाणू ताप येण्याच्या आधीपासून पसरतो, कित्येकांत लक्षणे दाखवतच नाही, आणि श्वासाला क्लोरीन घालता येत नाही. दिंडीत शेजारी चालणारा माणूस निरोगी दिसत असताना ठरलेली वाट आणि ठरलेला मुक्काम काहीच पकडून देत नाहीत. म्हणून १९१० च्या दशकात जी सूचना अपुऱ्या विचाराची होती, तीच २०२० मध्ये रास्त ठरली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एका घरातून सुरू झालेली साखळी पंचवीसच्या आसपास गेली आणि तिथेच अडली. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले, पण साखळी अडली ती संपर्कातला एकेक माणूस शोधल्यामुळे. पुन्हा दोन्ही चाली एकत्र.

आज संसर्गजन्य रोग ही स्वतंत्र पदवीची शाखा झाली आहे आणि ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत एकवटली आहे. तिचे काम खरोखर कठीण आहे: अतिदक्षता विभागात प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू सापडतो, तेव्हा कल्चरचा अहवाल वाचून नेमके औषध निवडणारा माणूस हवाच. पण तो हट्टी जंतू अतिदक्षता विभागात जन्मत नाही. साध्या सर्दीला दिलेल्या गोळ्या, अर्ध्यात सोडलेले डोस, कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खुराकातली औषधे, या सगळ्या वाटांनी तो चालत येतो, आणि त्या वाटा फलटणसारख्या गावांतून जातात. कऱ्हाडला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यालाही आता शासकीय महाविद्यालय आले आहे, मिरज तर आहेच. या तिन्ही ठिकाणच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी आषाढात पालखीच्या तळावर काम करावे, आणि तळावरचे आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेतले नमुने वर्षभर महाविद्यालयात तपासले जावेत, एवढी माझी मागणी आहे. पालखी बरडला निघून गेल्यावर फलटणमध्ये पाच दिवस घरोघरी जुलाबाची विचारपूस करायची आणि एकही रुग्ण न सापडणे म्हणजे काय घडले, हे समजून घ्यायचे. त्या न घडलेल्या साथीचे कारण जलसुरक्षकाच्या हातातल्या पिवळसर नळीत आहे, हे ज्याला दिसेल, तो पुढे कुठल्याही रुग्णालयात बसला तरी साथीचा डॉक्टर म्हणून शोभेल.